चार डब्यांचा हिशेब: सोलापूरचा कचरा, नवे नियम आणि आपल्या खिशातले पैसे

१ एप्रिल २०२६ पासून देशात घनकचऱ्याचे नवे नियम लागू झाले. २०१६ च्या नियमांची जागा त्यांनी घेतली. घरातल्या माणसाला थेट भिडणारा बदल एकच: कचरा आता चार प्रकारांत वेगळा करून द्यायचा. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा.

ही बातमी वाचल्यावर साखर पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत घराघरांत एकच प्रश्न उमटतो. दोन डबेच धड होत नाहीत, तिथं चार कशाला? प्रश्न रास्त आहे. ‘निसर्ग वाचवा’ म्हणून त्याचं उत्तर देता येत नाही. ते हिशेबात सापडतं, म्हणून आधी हिशेब मांडू.

एका दिवसाचा कचरा म्हणजे किती?

२०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. सोपं जावं म्हणून १० लाख धरू. आपल्या आकाराच्या शहरात माणशी दिवसाला साधारण ४०० ग्रॅम कचरा निघतो. म्हणजे रोज ४०० टन. एका छोट्या घंटागाडीत पाऊण टन मावतो असं धरलं, तर रोज पाचशेहून जास्त खेपा.

त्यातला निम्मा, म्हणजे २०० टन, ओला कचरा असतो: भाजीची देठं, शिळं अन्न, फळांच्या साली. आता या ओल्या कचऱ्यात काय असतं ते पाहा. त्याच्या वजनाचा ७० ते ८० टक्के भाग निव्वळ पाणी. २०० टनांतलं दीडशे टन पाणी म्हणजे दीड लाख लिटर, दहा हजार लिटरचे पंधरा टँकर. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्याच शहरातून रोज पंधरा टँकर पाणी डिझेल जाळून तुळजापूर रस्त्याकडच्या कचरा डेपोवर नेलं जातं. आणि कचरा वजनावर उचलला जात असेल, तर त्या पाण्याचेही टनामागे पैसे मोजले जातात.

घनकचऱ्यावरचा महापालिकांचा बहुतेक खर्च झाडलोट, गोळा करणं आणि वाहतूक यांतच संपतो. प्रक्रियेसाठी फार थोडं उरतं. म्हणून घरातल्या घरात ओल्या कचऱ्यातलं पाणी निथळून टाकणं ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी थेट पैशाची आहे. भाजी धुऊन जशी चाळणीत ठेवतो, तसा ओला कचरा रात्रभर भोकाच्या टोपलीत ठेवला की सकाळी तो हलका होतो, वासही कमी येतो.

खडा जात्यात जाण्याआधी

ज्वारीत खडा असला तर आपण दळायला देण्याआधी निवडतो. सुपात घेतलं, पाखडलं, दोन मिनिटांचं काम. तोच खडा दळला गेला तर पुढं कितीही चाळा, भाकरीत कचकच लागतेच.

कचऱ्याचं अगदी तसंच आहे. पुठ्ठ्याचा खोका कोरडा असेपर्यंत भंगारवाला काट्यावर घालून पैसे देतो. त्याच खोक्यावर आमटी सांडली की तो भिजतो, त्याचा धागा कुजायला लागतो आणि कागद कारखान्याला तो नको होतो. दुसऱ्या बाजूनं, त्या आमटीतून चांगला गॅस झाला असता, पण आता तिच्यात पुठ्ठा, पिशवी आणि काचेचा तुकडा आहे, म्हणून गॅसच्या टाकीलाही ती नको. दोन कामाच्या वस्तू एकत्र आल्या आणि दोन्ही निकामी झाल्या.

नंतर यंत्रानं वेगळं करता येत नाही का? येतं, पण अर्धवट. मोठ्या फिरत्या चाळणीतून आकारानं वेगळं होतं, चुंबकानं लोखंड निघतं, हवेच्या झोतानं पिशव्या उडतात. पण कांद्याची साल आणि त्याच आकाराचा प्लॅस्टिकचा तुकडा चाळणीतून एकत्रच खाली पडतात. शिवाय यंत्र, वीज आणि माणसं यांचा खर्च प्रत्येक टनावर चढतो. घरात जे काम हाताच्या एका हालचालीत होतं, त्याला डेपोवर कारखाना उभारावा लागतो.

ओल्या कचऱ्यातून निघतं काय?

दोन वाटा आहेत: गॅस आणि खत.

गॅसची टाकी म्हणजे गोठ्यातल्या म्हशीचं पोट समजा. आत हवा नाही, ऊब आहे आणि कोट्यवधी जिवाणू आहेत. त्यांना ३५ ते ३७ अंश तापमान लागतं, आणि आतलं मिश्रण फार आंबट होऊन चालत नाही. २० ते ३० दिवसांत ते अन्नाचा गॅस करतात. त्या गॅसमध्ये ५५ ते ६० टक्के मिथेन असतो. स्वयंपाकाला जळतो तोच भाग.

एक टन स्वच्छ ओल्या कचऱ्यातून साधारण ८० घनमीटर गॅस मिळतो. चुलीला वापरला तर तो सुमारे ३५ किलो एलपीजीइतका, म्हणजे घरगुती अडीच सिलिंडर. इंजिनावर चालवला तर अंदाजे १६० युनिट वीज. तुळजापूर रस्त्यावर कचऱ्यापासून गॅस आणि वीज करणारा ३ मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प उभारला गेला, तेव्हा सोलापूरची चर्चा देशभर झाली. पण कुठल्याही अशा प्रकल्पाची क्षमता कागदावर लिहिलेली असते, आणि प्रत्यक्ष गॅस आत जाणाऱ्या कचऱ्याच्या स्वच्छतेवर ठरतो.

बिघडतं कुठं, हे नीट समजून घ्यायला हवं.

पहिलं, माती. रस्ता झाडलेली माती ओल्या कचऱ्यात मिसळली की ती टाकीच्या तळाशी बसते. जागा व्यापत जाते आणि वर्षा-दोन वर्षांत टाकी रिकामी करून गाळ काढायची वेळ येते. तोवर गॅस बंद.

दुसरं, चिंध्या आणि धागे. हा त्रास इतर गावांपेक्षा आपल्याकडं जास्त संभवतो, कारण हे चादरी-टॉवेलचं गाव आहे. यंत्रमागावरचं तुटकं सूत, टॉवेलची काठ-कातरण, शिलाईच्या चिंध्या ओल्यात गेल्या की त्या टाकीतल्या ढवळणाऱ्या दांड्याला गुंडाळल्या जातात. चाकाला ओढणी अडकावी तसं होतं. दांडा थांबला की वर साय धरते, खाली गाळ बसतो आणि मधले जिवाणू उपाशी राहतात. हेच सूत कारखान्याच्या दारात कोरडं, वेगळं बांधलं तर त्याला गिऱ्हाईक आहे.

तिसरं, कांदा. सोलापूर बाजार समिती कांद्याच्या मोठ्या बाजारांपैकी एक. सडका कांदा टाकीत चालतो, पण कांद्यात गंधक असतं. त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू निघतो आणि तो इंजिनाचा धातू खातो. उपाय माहितीतला आहे: गॅस इंजिनात जाण्याआधी लोखंडी किसाच्या थरातून न्यायचा, आणि एकाच दिवशी ट्रकभर कांदा न टाकता इतर कचऱ्यात थोडा थोडा मिसळायचा. एकदम भरलं तर टाकी आंबते, गॅस थांबतो. लग्नात पोटभर जेवून वर आणखी बासुंदी घेतल्यावर पोटाचं जे होतं, तेच.

खताची वाट सोपी, पण जागा मागते. ओल्या कचऱ्याची लांब रास घालायची, ओल ५० ते ६० टक्के ठेवायची (मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी ठिबकू नये), आणि आठवड्याला उलथापालथ करायची. आत ५५ ते ६० अंश तापलं की रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. एक टन कचऱ्यातून १५० ते २०० किलो खत हाती येतं. सरकारी मानकाप्रमाणं त्यातलं किमान ९० टक्के ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेलं पाहिजे. राज्यात पालिकांचं खत ‘हरित महा सिटी कंपोस्ट’ या नावानं विकलं जातं, आणि केंद्राकडून शहरी खताच्या विक्रीला टनामागे १,५०० रुपयांचं साहाय्य ठरवलं गेलं.

असं असूनही खत पडून का राहतं? कारण काच. सांगोला-पंढरपूरकडच्या डाळिंबवाल्याला खतात एकदा ब्लेडचा तुकडा नाहीतर काचेची कपची सापडली, की तो पुन्हा ते खत नेत नाही. त्याचं काय चुकलं? बागेत हात घालणारी माणसं त्याची आहेत.

सुक्यातलं काय विकलं जातं, काय नाही

सुका कचरा हा एक माल नाही, बरेच माल आहेत. रद्दी, पुठ्ठा, पेट बाटल्या, दुधाच्या पिशव्या, कडक प्लॅस्टिक, पत्रा, ॲल्युमिनियम, काच यांना बाजार आहे. भंगाराच्या दुकानात यांचे भाव वेगवेगळे असतात आणि एकत्र आणलेल्या मालाला सगळ्यांत खालचा भाव लागतो.

वेफर्सची पाकिटं, शांपूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या यांना मात्र कोणी हात लावत नाही. त्यांत प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही. वजनानं हलकं असल्यानं वेचणाऱ्याला दिवसभर वाकूनही किलोभर जमत नाही.

इथं धोरणाचा एक महत्त्वाचा भाग येतो: उत्पादकाची जबाबदारी. पूर्वी सोड्याची बाटली परत दिली की अनामत मिळायची. बाटली कंपनीची होती, म्हणून ती परत आणण्याची काळजी कंपनी घ्यायची. प्लॅस्टिकच्या पाकिटानं ती काळजी ग्राहकावर आणि शेवटी पालिकेवर टाकली. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रानं जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी ती परत कंपनीकडं वळवली. जेवढं प्लॅस्टिकचं वेष्टन बाजारात आणलं, त्याच्या ठरलेल्या हिश्शाइतक्या प्लॅस्टिकची विल्हेवाट लागल्याचं प्रमाणपत्र कंपनीनं दाखवायचं. नोंदणी झालेला पुनर्वापर कारखाना ती प्रमाणपत्रं तयार करतो आणि कंपनी ती विकत घेते. म्हणजे वेफर्सच्या पाकिटालाही आता कागदोपत्री किंमत आहे. पण ती किंमत शहरापर्यंत पोचायची तर पाकीट कोरडं, वेगळं आणि काट्यावर मोजलेलं हवं. आमटीत भिजलेल्या पाकिटाचं प्रमाणपत्र निघत नाही.

सॅनिटरी आणि विशेष काळजीचा: हे दोन डबे का?

यांचं वजन फार नसतं. कारण आहे माणूस. सॅनिटरी पॅड आणि लहान बाळाचे डायपर ओल्यात गेले तर खत नासतं, सुक्यात गेले तर वेचणाऱ्या बाईच्या हाताला लागतात. ते वेगळ्या कागदात गुंडाळून, कळेल अशा खुणेनं द्यायचे. विशेष काळजीच्या डब्यात बॅटरी, बल्ब-ट्यूब, मुदत संपलेली औषधं, रंगाचे डबे, इंजेक्शनच्या सुया. हा डबा रोज द्यायचा नसतो. घरात एखादी बरणी ठेवली तर महिनोन्‌महिने पुरते. सुई मात्र झाकणाच्या कडक बाटलीत.

‘एवढी कटकट कशाला? सगळं जाळून वीज करा’

ही सूचना सगळ्यांत जास्त ऐकू येते, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

सोलापूर जिल्ह्याला जाळून वीज करणं नवीन नाही. इथले साखर कारखाने बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, बॉयलर चालवतात. बगॅसमध्ये निम्मं पाणी असूनही त्याच्या एका किलोतून सुमारे २,२०० किलोकॅलरी उष्णता मिळते, कारण उरलेला निम्मा भाग निव्वळ तंतू असतो. मिश्र कचऱ्यात पाणी तर असतंच, वर माती, राख, खडी. एक किलो पाण्याची वाफ करायलाच सुमारे ६०० किलोकॅलरी जातात. म्हणून ओला-सुका मिसळलेला कचरा पावसाळ्यात दीड हजार किलोकॅलरीच्याही खाली येऊ शकतो. अशी ओली लाकडं चुलीत घातली की काय होतं हे सांगायला नको: जाळ कमी, धूर जास्त. अर्धवट जळताना प्लॅस्टिकमधून, विशेषतः पीव्हीसीमधून, डायॉक्सिनसारखे विषारी वायू निघतात. ते अडवणारी धूर गाळण्याची यंत्रणा महागडी असते. चालवायलाही आणि सांभाळायलाही.

मात्र कोरडा, जळाऊ भाग वेगळा काढला तर तो खरोखर इंधन आहे. त्याला आरडीएफ म्हणतात: कचऱ्यातून निवडलेलं, तुकडे केलेलं इंधन. सिमेंटच्या भट्टीत दगड भाजायला सुमारे १,४५० अंश तापमान लागतं. त्या आगीत हे इंधन पूर्ण जळतं आणि राख सिमेंटमध्येच जाते. २०१६ च्या नियमांत आसपासच्या कारखान्यांनी किमान ५ टक्के इंधन यातून घ्यावं असं होतं. नव्या नियमांत ते सहा वर्षांत १५ टक्क्यांपर्यंत न्यायचं आहे. धोरणानं गिऱ्हाईक तयार केलंय.

अडचण भूगोलाची आहे. होटगी-टिकेकरवाडीकडचे सिमेंट कारखाने क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजलेले सिमेंटचे खडे, आणून दळणारे आहेत, त्यांच्याकडं भट्टी नाही. भट्ट्या आहेत कलबुर्गी जिल्ह्यात, वाडी, सेडम, मळखेडला. म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर. हे इंधन पिंजलेल्या कापसासारखं हलकं, ट्रक भरतो पण वजन भरत नाही. म्हणून ते दाबून गठ्ठे बांधावे लागतात. आणि भट्टीवाला ते मोजून घेतो: अगदी साध्या प्रतीलाही ओल २० टक्क्यांच्या आत आणि उष्णता ३,००० किलोकॅलरीच्या वर लागते. ओल जास्त निघाली तर भाव पडतो किंवा ट्रक परत येतो. येण्या-जाण्याचं भाडं शहराच्या डोक्यावर. पुन्हा त्याच ठिकाणी येऊन थांबतो: स्वयंपाकघरातल्या डब्यापाशी.

डेपोवर टाकलं की फुकटात सुटतं का?

नाही. ती उधारी आहे, आणि तिच्यावर व्याज चढतं.

साचलेला जुना कचरा खणून, चाळून जागा मोकळी करण्याच्या कामाला बायोमायनिंग म्हणतात. ढीग थरांथरांनी उकरायचा, वास आणि ओल कमी व्हावी म्हणून जिवाणूंचं द्रावण फवारायचं, उलटापालट करून वाळवायचं आणि वेगवेगळ्या जाळीच्या चाळण्यांतून घालायचं. निघतं काय? माती, दगड-विटा आणि मळकं प्लॅस्टिक. माती शेताला लगेच देता येत नाही, तिच्यात शिसं, कॅडमियम यांसारखे धातू किती आहेत हे आधी तपासावं लागतं. बहुधा ती खड्डे भरायला जाते.

स्वच्छ भारत अभियानाच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात या कामाचा हिशेब टनाला ५५० रुपये धरला गेला. आता सोलापूरच्या ४०० टनांतले समजा निम्मे, २०० टन, रोज नुसते ओतले. वर्षाला ७३,००० टन झाले. ते पुढं कधीतरी उकरायचे तर त्याच दरानं चार कोटी रुपये. आधी वाहून न्यायला दिलेले पैसे वेगळेच. हे चार कोटी कोणाच्या अंदाजपत्रकात आज दिसत नाहीत, म्हणून ओतणं स्वस्त वाटतं.

शिवाय पैशात न मोजलेलं नुकसान. सोलापूरला वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. एक हेक्टरच्या उघड्या ढिगावर तो पडला तर ५५ लाख लिटर पाणी झालं. त्यातलं काही उडून जातं, उरलेलं कचऱ्यातून झिरपत काळं होऊन खाली उतरतं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खाली फटी असलेला काळा पाषाण. पाणी विहिरीकडं जायला वाट तयारच असते. म्हणूनच नियमाप्रमाणं कचरा पुरायच्या खड्ड्याला तळाशी ९० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती आणि तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिकचं अस्तर लागतं. हा खड्डा महाग पडतो. नवे नियम सांगतात की त्यात फक्त ज्याचं काहीच होऊ शकत नाही असा कचरा जावा, आणि न वेगळा केलेला कचरा तिथं आणणाऱ्या पालिकेला जास्त शुल्क लागावं.

आग का लागते? ढिगाच्या पोटात हवा नसते, तिथंही जिवाणू गॅस करतात, पण तो धरायला टाकी नसते. आत ऊब साठते, वर ४२-४३ अंशांचं ऊन, एखादी पेटती विडी पुरते. वरून पाणी मारलं तरी आतली धग विझत नाही. ती जागा उकरून, पसरून, माती टाकून दाबावी लागते. आणि न जळता उडून गेलेला मिथेन हवामानाला आणखी वाईट: शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट उष्णता अडवतो, वीस वर्षांचा धरला तर ८० पटींच्या आसपास. टाकीत धरला तर इंधन, मोकळा सोडला तर हे.

‘आम्ही वेगळं करतो, पण गाडीत सगळं एकच होतं’

ही तक्रार खोटी नाही, आणि ती करणाऱ्याला गप्प बसवणं चुकीचं आहे. लोकांनी महिनाभर मनापासून वेगळं केलं आणि डोळ्यांदेखत गाडीत एकत्र झालं, की ती सवय पुन्हा लागायला वर्षं जातात.

एकत्र का होतं, याचं एक कारण मजुराच्या आळसात नाही, कंत्राटाच्या रचनेत आहे. कचरा उचलण्याचे पैसे टनावर दिले तर जास्त वजन म्हणजे जास्त पैसे. मग ओलं पाणी, रस्त्याची माती, बांधकामाचा राडारोडा, सगळंच काट्यावर चढलेलं बरं. वेगळा केलेला, निथळलेला, हलका कचरा म्हणजे बिल कमी. जशी मजुरी ठरवू तसं काम होतं. विणकराला वारावर पैसे दिले तर तो वार विणेल, नगावर दिले तर नग.

दुसरी रचना शक्य आहे. पैसे घरांच्या संख्येवर द्यायचे, वेगळा आलेल्या कचऱ्याच्या टक्केवारीवर वाढवायचे, आणि डेपोवर पुरायला गेलेल्या प्रत्येक टनाचे कापायचे. गाडीत मधली पत्र्याची आडभिंत कायमची जोडलेली हवी, काढता येणारी नको. सुक्यासाठी आठवड्यातले दोन दिवस वेगळे ठेवले तर एकाच गाडीतही मिसळण सुटते. तुमच्या गल्लीत गाडी येते तेव्हा एवढंच पाहा: आडभिंत आहे का, आणि कोणत्या बाजूला काय पडतंय.

पाणी नाही, जागा नाही

प्लॅस्टिक धुऊन द्या असं सांगणाऱ्यांना सोलापूरचं पाणी माहीत नसतं. धुवायची गरज नाही. दुधाची पिशवी भांडी घासल्याच्या उरलेल्या पाण्यात एकदा हलवायची आणि दोरीवर अडकवायची, इथल्या उन्हात तासाभरात वाळते. तेलकट डबा रद्दीच्या तुकड्यानं पुसला तरी पुरे. हेतू एवढाच की आत ओल आणि अन्न राहू नये.

जागेचं म्हणाल तर पूर्व भागातल्या दहा बाय दहाच्या खोलीत, जिथं माग किंवा विड्यांचं सूप आधीच जागा अडवून बसलंय, तिथं चार रंगीत डबे कोणी ठेवू नयेत. एक झाकणाची बादली ओल्याला. खिळ्याला टांगलेलं एक पोतं सुक्याला. बाकीच्या दोन्हींना कागदाची पुडी आणि एक जुनी बरणी. झाले चार. विडीच्या पानांचं कातरण, तंबाखू न लागलेलं, फेकू नये. ते कोरडं पान खताच्या बादलीला हवं असतं.

ती बादली अशी: २० लिटरची, बाजूंना आठ-दहा भोकं, खाली विटेचे तुकडे. एक वाटा ओला कचरा, वर तेवढाच सुका पाला किंवा कातरण, सुरुवातीला थोडं आंबट ताक. दोन-तीन दिवसांनी काठीनं हलवायचं. वास आला तर ओल जास्त, पाला वाढवा. काहीच होत नसेल तर कोरडं पडलंय, उन्हाळ्यात हे हमखास, पाण्याचा हबका मारा. अळ्या दिसल्या तर वर पाल्याचा जाड थर द्या. दीड-दोन महिन्यांत खत तयार होतं.

मंगल कार्यालयं, हॉटेलं, बाजार

नियमांच्या भाषेत हे मोठे कचरा-निर्माते: २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम, किंवा दिवसाला ४०,००० लिटर पाण्याचा वापर, किंवा १०० किलो कचरा. यातलं एक लागू झालं तरी पुरे. १०० किलो म्हणजे मोठा आकडा नाही. हजार माणसांच्या लग्नात प्रत्येक ताटात १०० ग्रॅम उष्टं राहिलं की झाले. अशांनी ओला कचरा शक्यतो स्वतःच्या आवारात जिरवायचा आणि त्याचा हिशेब द्यायचा. शहराच्या दृष्टीनं हे सगळ्यांत स्वस्त काम आहे, कारण थोड्या ठिकाणी खूप कचरा सुटतो आणि तो ओळखीचा, एकसारखा असतो. लाखो घरं सुधारायची वाट न पाहता पालिकेनं इथून सुरुवात करावी, असं मला ठामपणे वाटतं. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतलं निर्माल्य आणि खाद्य-स्टॉलचा कचरा याच पद्धतीनं जागच्या जागी वेगळा धरता येतो.

कचरावेचकांचं काय होणार?

शेवटचा आक्षेप, आणि सगळ्यांत गंभीर. सुका कचरा थेट गाडीत आणि गाडीतून कंपनीच्या शेडमध्ये गेला, तर आज डेपोवर आणि पेठांत पहाटे पोतं घेऊन फिरणाऱ्या बायांचं पोट कशावर भरणार? शहराच्या सुक्या मालातला मोठा भाग आजवर त्यांनीच, कोणाच्या पगाराशिवाय, परत बाजारात नेला आहे. २०१६ च्या नियमांनीच त्यांची नोंद करून त्यांना व्यवस्थेत घ्यायला सांगितलं होतं. पुण्यात २००८ पासून वेचकांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते: घराकडून मासिक शुल्क, सुका माल विकण्याचा हक्क वेचकांचा.

सोलापुरात हे करायचं तर प्रभागात एक पत्र्याची शेड, एक वजनकाटा, गठ्ठा बांधायचं यंत्र, पिण्याचं पाणी आणि संडास एवढं लागतं. ओळखपत्र, हातमोजे आणि बूटही. आणि कंत्राटात एक ओळ: घरोघरचा सुका कचरा आधी या शेडमध्ये उतरेल, वेचक निवडतील, उरलेलाच पुढं गठ्ठे होऊन कलबुर्गीच्या रस्त्याला लागेल.